अपोलो इन रिअल टाइम : अंतराळवीरांना युएफओ दिसले म्हणणाऱ्यांनी आधी हे ऐकाच

अपोलो 11 च्या मागे एलियन यान लागलं होतं, आर्मस्ट्राँगने स्वतः सांगितलं, नासाने दाबून टाकलं, हा मेसेज व्हॉट्सॲपवर तुम्हालाही आलाच असेल. खरं काय ते ज्यांना मनापासून शोधायचंय त्यांच्यासाठी हा रिव्ह्यू. साईटचं नाव अपोलो इन रिअल टाइम, बेन फाईस्ट आणि त्यांच्या टीमने बनवलेली, एकदम फुकट. अपोलो 17 चा भाग आधीपासून होता, 11 चा आला 2019 मध्ये म्हणजे मोहिमेच्या 50 व्या वर्षी, आणि 13 चा 2020 मध्ये.

अपोलो 11 च्या भागात काय आहे ते आधी सांगतो कारण ते खरंच अफाट आहे. यान आणि ह्युस्टनमधलं मिशन कंट्रोल म्हणजे जमिनीवरचं नियंत्रण केंद्र यांच्यातलं जवळपास 240 तासांचं बोलणं, मिशन कंट्रोलच्या खोलीतला 11,000 तासांचा ऑडिओ, 2,000 फोटो, आणि हे सगळं मोहिमेच्या घड्याळाला सेकंदासेकंदाने बांधलेलं. उड्डाणाच्या एक मिनिट आधीपासून सुरू करा किंवा थेट हवी ती वेळ गाठा, शेजारी लिखित संवाद सरकत राहतो आणि त्यात सर्चही करता येतं.

आता मुद्द्याचं. साधारण 60 तास 45 मिनिटांवर जा, ह्युस्टनच्या घड्याळात 18 जुलै 1969 ची रात्र. यानातून अगदी साध्या आवाजात विचारतात की एस-फोर-बी आमच्यापासून कुठे आहे काही कल्पना? एस-फोर-बी म्हणजे रॉकेटचा तिसरा टप्पा, ज्याने त्यांना चंद्राकडे ढकललं तो. थोड्या वेळाने खालून उत्तर येतं, साधारण 6,000 नॉटिकल मैल, म्हणजे 11 हजार किलोमीटरच्या वर. बस, एवढंच. आवाजात घबराट नाही, कुजबुज नाही. आर्मस्ट्राँगचे सहकारी बझ ऑल्ड्रिन यांनी नंतर सांगितलंय की खिडकीबाहेर काहीतरी चमकताना दिसत होतं पण ते रेडिओवर तसंच बोलून दाखवलं तर लोक काय अर्थ काढतील म्हणून मुद्दाम रॉकेटबद्दल विचारलं. मला वाटतं इथेच त्यांची विश्वासार्हता दिसते, आधी सगळ्यात साधी शक्यता तपासायची आणि मग बाकीचं.

परत आल्यावर 31 जुलैच्या टेक्निकल डीब्रीफिंगमध्ये, म्हणजे मोहिमेनंतरच्या तपशीलवार चौकशी-बैठकीत, तिघे मोकळेपणाने बोललेत. एकाला ती वस्तू उघड्या सुटकेससारखी वाटली, एकाला इंग्रजी एल अक्षरासारखी, आणि तिसरे अंतराळवीर मायकेल कॉलिन्स म्हणतात की सेक्स्टंटचा (दिशा मोजायच्या दुर्बिणीसारख्या यंत्राचा) फोकस बदलला की कधी पोकळ नळकांडं दिसायचं तर कधी उघडं पुस्तक. लपवायचंच असतं तर एवढं सगळं कोण नोंदवून ठेवेल? आणि तीन प्रामाणिक, तयारीच्या माणसांना एकच वस्तू इतक्या वेगवेगळ्या आकाराची दिसते म्हणजे साक्ष खोटी असं नाही, डोळ्याची मर्यादा कळते. त्यांचा स्वतःचा निष्कर्ष काय, तर चंद्रावर उतरणारं यान बाहेर काढताना जी चार पॅनेल सुटली त्यातलं एखादं. ती पॅनेल जवळजवळ त्याच मार्गाने गोल गोल फिरत चालली होती, ऊन पडलं की लकाकायची. ऑल्ड्रिन पुढे 99.9 टक्के खात्री म्हणाले. एका टीव्ही कार्यक्रमात मात्र त्यांची मुलाखत अशी कापली की पॅनेलचा खुलासाच गायब, आणि तेव्हापासून तोच तुकडा फिरतोय.

डोळा फसतो तो का हेही बघा. तिथे हवा नाही त्यामुळे लांबची वस्तू धूसर होत नाही, मागे झाड नाही डोंगर नाही, वस्तू केवढी ते माहीत नाही, मग अंतर सांगणार कशावरून? खिडकीजवळचा बर्फाचा कण आणि कित्येक किलोमीटरवरचं यान दोन्ही नुसते ठिपके. 1962 मध्ये अंतराळवीर जॉन ग्लेनना सूर्योदयाला यानाभोवती काजवे दिसले, सगळे थक्क, आणि तीनच महिन्यांनी पुढच्या उड्डाणात स्कॉट कार्पेंटरनी यानाची भिंत आतून ठोकली तर तसेच कण बाहेर उडाले, यानावर जमलेलं हिम होतं ते. अंतराळवीर स्कॉट केली तर नासाच्या युएपी (आकाशातल्या न ओळखलेल्या गोष्टी) अभ्यासगटात होते, त्यांनी 2023 च्या जाहीर बैठकीत सांगितलं की एफ-14 लढाऊ विमान उडवत असताना मागे बसलेल्या साथीदाराला युएफओ दिसल्याची खात्री होती, वळून परत गेले तर बार्ट सिम्पसन या कार्टूनचा फुगा.

सगळं सुटलंय असं मी म्हणत नाही. जून 1965 मध्ये अपोलोच्या आधीच्या जेमिनी 4 यानातून जेम्स मॅकडिव्हिटना दंडगोल वस्तू दिसली, तिला दांड्यासारखं काहीतरी लागलेलं, सोबतचे एड व्हाईट झोपलेले, त्यामुळे दुसरा साक्षीदार नाही. फोटो घेतले पण जो प्रसिद्ध झाला तो आपण पाहिलेल्या वस्तूचा नाहीच, ते खिडकीवरचं प्रतिबिंब आहे असं ते स्वतःच सांगत. अंतराळ विषयाचे लेखक जेम्स ओबर्ग म्हणतात तो जेमिनी 4 ला वर नेणाऱ्या टायटन रॉकेटचाच दुसरा टप्पा, मॅकडिव्हिटना ते पटलं नाही, पण एलियन यान असंही ते कधी म्हणाले नाहीत. माझ्या मते या सगळ्यात वजनदार केस हीच, कारण साक्ष त्याच वेळची आहे आणि माणूस एका शब्दानेही ती फुगवत नाही. उलट अंतराळवीर गॉर्डन कूपरना 1963 च्या उड्डाणात ऑस्ट्रेलियावर हिरवट यान दिसलं ही गोष्ट बघा, संवादाच्या नोंदीत ती नाहीच आणि कूपर स्वतः सांगत की अंतराळात मला काही दिसलं नाही. ते विमान उडवतानाच्या युएफओंबद्दल बोलायचे ती वेगळी गोष्ट. चंद्रावर जाऊन आलेले एडगर मिचेल एलियनवर ठाम विश्वास ठेवायचे पण स्वतः कधी पाहिले असं त्यांनीही म्हटलं नाही.

म्हणून मला ही साईट इतकी मोलाची वाटते, त्या क्षणी माणूस काय बोलला आणि तीस वर्षांनी लोकांनी त्याच्या तोंडी काय घातलं यातला फरक थेट कानाने कळतो. उणिवा म्हणाल तर सगळं इंग्रजीत, रेडिओची खरखर आहे, तांत्रिक शब्द नव्या माणसाला जड जातात, शाळेतल्या मुलांना ऐकवायचं तर शेजारी बसून समजावून सांगावं लागेल. आणि जेमिनीच्या मोहिमा यात नाहीत याची फार चुटपुट लागते, मॅकडिव्हिटचा तो दिवस असा सलग ऐकायला मिळायला हवा होता. पाचपैकी साडेचार स्टार.

ऐकायचं असेल तर हेडफोन लावा, मोबाईलपेक्षा मोठ्या स्क्रीनवर उघडा, आणि नुसती ती दोन वाक्यं ऐकून बंद करू नका, आधीचा आणि नंतरचा अर्धा-अर्धा तास पण ऐका.