मूडल की वर्डप्रेस? शिकवणीची पहिली साइट उभारताना

दोन्ही साइट उभारायची सॉफ्टवेअर: मोफत, मुक्तस्रोत (कोड सर्वांसाठी खुला) आणि पीएचपी या प्रोग्रामिंग भाषेवर चालणारी. मूडल २००२ मध्ये आलं, वर्डप्रेस २००३ मध्ये. फरक आहे तो मूळ हेतूत.

मूडल वर्गासाठीच घडवलेलं आहे. वेळ लावलेली चाचणी, गृहपाठ जमा करणं, गुणपत्रक हे सगळं आतच असतं. प्रश्नपेढीतून प्रत्येकाला वेगळे प्रश्न देता येतात, आणि शिकवणाऱ्यासाठी ही सोय मला फार मोलाची वाटते. पण सेटिंगची पानं पाहूनच नवख्याला घाम फुटतो. शिवाय सर्व्हरवर क्रॉन, म्हणजे ठरावीक वेळाने कामं आपोआप चालवणारी सोय, लावावं लागतं. ते राहिलं तर सूचनांचे बरेच ईमेल जातच नाहीत.

वर्डप्रेस मुळात लेखनासाठीचं. देखणी साइट एका संध्याकाळीही उभी राहते. अभ्यासक्रमासाठी मात्र ट्यूटर एलएमएससारखं प्लगइन (वरून जोडायचं छोटं सॉफ्टवेअर) लागतं, आणि त्यातल्या बऱ्याच सोयी पैसे मोजल्यावरच मिळतात.

पाच-सहा व्हिडिओ धडे आणि थोडा मजकूर एवढंच असेल, तर वर्डप्रेस घ्या. परीक्षा घेऊन गुण द्यायचे असतील, तर सुरुवातीचे दिवस जड गेले तरी मूडलच. व्हिडिओ मात्र दोन्हीकडे स्वतःच्या सर्व्हरवर चढवू नका. यूट्यूब किंवा व्हिमिओवर ठेवून धड्यात जोडा.