लॅब्रॅडॉर कुत्र्याच्या फिटसाठी गोळी: फिनोबार्ब की लेव्हेटिरासिटाम?

रक्ताचे रिपोर्ट नॉर्मल, पहिली फिट सहा महिने ते सहा वर्षं या वयात, दुसरं कारण सापडत नाही, मग डॉक्टर इडिओपॅथिक एपिलेप्सी, म्हणजे कारण न सापडणारी मिरगी, म्हणतात. लॅब, बीगल, जर्मन शेफर्डमध्ये ती बऱ्याचदा रक्तातूनच येते. लॅब्रॅडॉरमध्ये त्यासाठी जीन टेस्ट नाही, म्हणून अशा कुत्र्याची पिल्लं घेऊच नका प्लीज. आता गोळीचं. आमच्या लॅब्रॅडॉरला दोन्ही देऊन झाल्यात.

लेव्हेटिरासिटाम तशी चांगलीच, लिव्हरला त्रास जवळजवळ नाही, बरीचशी किडनीवाटे निघून जाते आणि कुत्रा मस्त तरतरीत राहतो. पण कुत्र्याच्या अंगात ती तीन-चार तासांत निम्मी होते म्हणून दर आठ तासांनी द्यायची. सकाळी सहा, दुपारी दोन, रात्री दहा. दुपारी दोनला घरी कोण असतं हो? आम्ही दोघंही नोकरीवाले, शेजारच्या काकूंकडे किल्ली दिलेली, त्या बिचाऱ्या प्रेमाने द्यायच्या पण हा गोळी गालात धरून ठेवायचा आणि संध्याकाळी सोफ्याखाली अर्धी विरघळलेली ओली गोळी सापडायची, म्हणजे डोस चुकलेलाच आणि आता रात्री फिट येते की काय ही धाकधूक. बारा तासांची एक्सटेंडेड रिलीज, म्हणजे औषध हळूहळू सोडणारी गोळी, मिळते पण ती अख्खी गिळावी लागते, आमचा सगळं चावूनच खातो.

फिनोबार्ब दिवसातून दोनदाच. सुरुवातीचे दोनेक आठवडे मागचे पाय लटपटतात, बघवत नाही, मग बरंचसं सावरतं. भूक मात्र भयंकर, ओट्यावरचा कणकेचा गोळा परातीसकट खाली ओढलाय त्याने, पाणीही सारखं आणि मग शूला सारखं बाहेर. दोन-तीन आठवड्यांनी रक्तातली औषधाची लेव्हल बघायची, नंतर दर सहा महिन्यांनी लिव्हर टेस्ट. चिठ्ठीशिवाय केमिस्ट देत नाही.

लिव्हर आधीच नाजूक असेल किंवा घरात दिवसभर माणूस असेल तर लेव्हेटिरासिटाम घ्या, मी नाही म्हणणार नाही. डॉक्टरांचं ऐकाच. पण नोकरीवाल्या घरात मला तरी फिनोबार्ब बरी वाटते, आमच्याकडे फिटमधलं अंतरही तिच्यावरच वाढलं. बदलायची झाली तर हळूहळू, डॉक्टर सांगतील तशीच, एकदम बंद केली तर फिट उलट जोरात येतात.