सीबीचा स्वस्त पॉवर मीटर दहा मीटर बँडवर: नऊ महिन्यांनंतर

दीड हजारांच्या आतला, काट्याचा, दोन कनेक्टरांचा सीबी मीटर घेऊन नऊ महिने झाले. सीबी म्हणजे सिटिझन बँड, २७ मेगाहर्ट्झजवळचा रेडिओ पट्टा; आणि मीटर सेट व अँटेना यांच्या मध्ये जोडून सेटमधून किती वॅट निघतात ते पाहायचं. घेतला तेव्हा तो किती अचूक असेल, एवढीच चिंता होती. तो अचूक नाही. तरीही माझ्या टेबलावरची सर्वांत उपयोगी वस्तू तोच आहे, आणि त्याचं कारण मला पावसाळ्यात कळलं.

मी हॅम, म्हणजे हौशी रेडिओवाला आहे, परवाना आहे, आणि कोथरूडच्या आमच्या इमारतीच्या गच्चीवर २८.४ मेगाहर्ट्झसाठी, म्हणजे दहा मीटर बँडसाठी, साधा डायपोल (मधोमध केबल जोडलेली तारेची अँटेना) ताणलेला आहे, टोकापासून टोकापर्यंत सुमारे पाच मीटर. सीबीचा पट्टा याच्या अगदी शेजारी. आपल्याकडे २६.९५७ ते २७.२८३ मेगाहर्ट्झमध्ये ५ वॅटपर्यंत परवान्याची गरज नाही. २८ च्या वर मात्र परीक्षा देऊन परवाना घ्यावाच लागतो. मीटरला कायद्याशी देणंघेणं नसतं. २७ वर नीट चालणारा मीटर २८ वरही चालतो, म्हणून सीबीचा घेतला.

पुण्यातल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात, तपकीर गल्लीत, चौकशी केली तेव्हा पहिल्यांदा हातात आला तो वॉकीटॉकीचा छोटा डिजिटल मीटर. दिसायला सुंदर, आकडे ठळक. मागचं लेबल वाचलं तर पट्टा १२५ मेगाहर्ट्झपासून पुढे. अशा मीटरवर २७ मेगाहर्ट्झचा सेट लावला तर आकडा येतो, पण त्याला अर्थ नसतो, कारण आतला कपलर (पॉवरचा नमुना घेणारा भाग) त्या फ्रीक्वेन्सीसाठी बनवलेलाच नसतो. काहीही घ्या, आधी लेबलवरचा पट्टा वाचा.

दुसरी गोष्ट स्केलची. स्वस्त मीटरची चूक बहुतेक वेळा पूर्ण स्केलच्या टक्क्यांत दिलेली असते. १० टक्के म्हणजे १०० वॅटच्या स्केलवर दहा वॅट इकडे किंवा तिकडे. मग ४ वॅटचा सेट त्या स्केलवर मोजून काय हाती लागणार? मी १० आणि १०० अशी दोन स्केल असलेला निवडला, आणि १०० चं बटण आजपर्यंत दाबलेलं नाही. दोन हजार वॅटपर्यंत मोजतो म्हणून जाहिरात केलेले मीटर आपल्या कामाचे नाहीत.

घरी आणल्यावर पहिला आठवडा मीटरची परीक्षा घेण्यातच गेला. १ किलोओमचे, २ वॅटचे, वीस रेझिस्टर समांतर जोडले की ५० ओमचा डमी लोड, म्हणजे अँटेनाऐवजी जोडून पॉवर जिरवणारा भार, तयार होतो. तार गुंडाळलेले रेझिस्टर चालत नाहीत, ते या फ्रीक्वेन्सीला कॉइलसारखे वागतात. लोडच्या टोकांवर एक १एन४१४८ डायोड आणि ०.०१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावून साध्या मल्टिमीटरने डीसी व्होल्ट मोजले. त्यात डायोडचे ०.६ मिळवायचे, वर्ग करायचा आणि १०० ने भागायचं, उत्तर वॅटमध्ये. माझ्या सेटवर एफएममध्ये पुस्तिका १० वॅट सांगते. मल्टिमीटरवर आले २८.४ व्होल्ट, म्हणजे २९ चा वर्ग ८४१, म्हणजे खरे ८.४ वॅट. मीटरचा काटा दाखवत होता साडेनऊ. पॉवर कमी करून खरे ४ वॅट केले तर काटा साडेचारवर, आणि खऱ्या १ वॅटला तो ०.८ वर. वर जास्त, खाली कमी. खालच्या टोकाला कमी दाखवण्याचं कारण मीटरच्या आतला डायोड. थोड्या व्होल्टेजला तो नीट उघडतच नाही. हे तीन आकडे कागदाच्या चिठ्ठीवर लिहून मीटरच्या डोक्यावर चिकटवले आहेत.

मोजणी एफएमवर करा, त्यात पॉवर स्थिर राहते. एसएसबीवर (आवाज पाठवण्याचा दुसरा प्रकार) नुसतं बोलून पाहिलं तर काटा अडीच-तीन वॅटच्या आसपास नाचतो आणि सेट बिघडल्यासारखं वाटतं. तसं नसतं. बोलताना पॉवर शब्दागणिक वरखाली होते आणि काटा सरासरीच दाखवतो.

आता पावसाळ्याची गोष्ट. अँटेनाकडून किती पॉवर परत येते ते एसडब्ल्यूआर या आकड्यावरून कळतं, आणि तो १ च्या जितका जवळ तितका चांगला. मार्चमध्ये अँटेना लावली तेव्हा सेटजवळ तो १.५ होता. जुलैच्या शेवटी पाहिलं तर १.२. मी खूश झालो. त्याच आठवड्यात मात्र कोणी उत्तर देईनासं झालं, नेहमीचे सिग्नलही क्षीण. वाटलं, बँडच बंद असेल, म्हणजे लांबचे सिग्नल पोचतच नसतील. आमच्या गटातल्या एका ज्येष्ठ हॅमना, ज्यांना आम्ही सगळे काका म्हणतो, फोनवर सांगितलं, "काका, एसडब्ल्यूआर तर आधीपेक्षा चांगला आहे."

ते म्हणाले, "अरे, अँटेनाला तू हात लावलास का?"

"नाही."

"मग ती आपोआप कशी सुधारेल? मीटर उचल आणि गच्चीवर नेऊन लाव."

तोपर्यंत मीटर सेटच्या शेजारून हलवावा, असं मला सुचलंही नव्हतं. गच्चीवर नेला, केबल आणि अँटेना यांच्या मध्ये लावला, मुलाला खाली सेटचं बटण दाबायला सांगितलं. खाली साडेनऊ दाखवणारा काटा वर जेमतेम साडेतीनवर. वीस मीटर केबलमध्ये निम्म्याहून जास्त पॉवर जिरत होती. कनेक्टर उघडला तर केबलची आतली तांब्याची जाळी हिरवी पडलेली, आणि केबल थोडी कापली तरी ओलच. अँटेनाकडे जाणारी पॉवर केबलमध्ये मरते, तशीच तिथून परत येणारीही मरते. म्हणून खाली परतीचा काटा कमी दिसतो आणि एसडब्ल्यूआर छान वाटतो. केबल जितकी खराब, तितका आकडा गोड.

कोरडी, चांगली आरजी-५८ जातीची केबल असली तरी २८ मेगाहर्ट्झला वीस मीटरमध्ये दीड डेसिबलच्या आसपास जातेच, म्हणजे सुमारे तीस टक्के पॉवर. नवी केबल टाकल्यावर गच्चीवर साडेसहा आले आणि खाली एसडब्ल्यूआर पुन्हा १.५ झाला. तो वाढलेला पाहून मला किती बरं वाटलं! या वेळी कनेक्टरवर आधी स्वतःलाच चिकटणारी रबर टेप ताणून गुंडाळली, वर साधी काळी टेप, आणि केबलला खाली एक झोळ दिला, म्हणजे पाणी तिथून गळून पडतं.

मीटरच्या तक्रारीही आहेत. डबा इतका हलका की जाड केबल लावली की टेबलावरून मागे ओढला जातो. मी खाली लाकडाची फळी स्क्रूने बसवली. चौथ्या महिन्यात अँटेनाकडच्या सॉकेटचा नट सैल झाला आणि काटा थरथरायला लागला. उघडून आवळला, तेव्हापासून ठीक. एसडब्ल्यूआर पाहताना प्रत्येक वेळी आधी पुढच्या पॉवरवर काटा खुणेपर्यंत आणायचा, मग स्विच परतीवर टाकायचा. मध्ये पॉवर बदलली तर पुन्हा खुणेपासून सुरुवात. घाईत हे विसरतं. पॉवर मोजायला बॅटरी लागत नाही, हे मात्र गच्चीवर फार सोयीचं पडलं.

जवळ नॅनोव्हीएनए (अँटेना तपासायचं छोटं यंत्र) असेल तर एसडब्ल्यूआरसाठी तो जास्त चांगला. पण सेटमधून निघालेली पॉवर तो मोजत नाही, आणि चुकून त्यात सेट जोडून बटण दाबलं तर तो जळू शकतो. मीटरची जागा तो घेत नाही.

आता दर महिन्याच्या पहिल्या रविवारी मीटर एकदा खाली आणि एकदा गच्चीवर लावतो. दोन्ही आकडे वहीत जातात. गेल्या रविवारी साडेनऊ आणि साडेसहा.