क्रोमच्या टाकीने नाक खाल्लं: भरपाईसाठी केलेल्या वकीलबाईंबद्दल

मॅडमचं नाव लिहिणार नाही. वकिलांना जाहिरात करायला बंदी असते, त्यामुळे "माझं नाव कुठे टाकू नका ताई" असं त्यांनीच बजावलंय. कामाबद्दल लिहा म्हणाल्या, चांगलंही आणि वाईटही. तर दोन्ही लिहिते.

आमचे मिस्टर भोसरीकडच्या एका छोट्या वर्कशॉपमध्ये हार्ड क्रोमच्या, म्हणजे धातूवर क्रोमचा कडक थर चढवायच्या टाकीवर होते. हायड्रॉलिकचे रॉड यायचे, ते क्रोमिक ॲसिडच्या गरम टाकीत सोडायचे आणि करंट द्यायचा. करंट चालू झाला की बुडबुडे फुटतात आणि ॲसिडचे बारीक तुषार वर उडतात. ते ओढून घ्यायला टाकीच्या कडेला एक्झॉस्ट होता, पण बंद पडलेला. आधी बोटांच्या पेरांवर खड्डे पडले, फारसे न दुखणारे. मग नाकात खपल्या धरायला लागल्या, सकाळी उठलं की घोळणा फुटलेला. दवाखान्यात दर वेळी उष्णतेचं औषध मिळायचं. तपकीर ओढता का, असंही विचारून झालं. शेवटी कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी आतून बघितलं, तर दोन नाकपुड्यांमधल्या पडद्याला आरपार भोक. श्वास घेताना शिट्टी वाजते ती त्याची.

कुणीतरी ओळखीच्याने आधी दुसऱ्याच एका वकिलाकडे नेलं होतं. ते म्हणाले, मोठी केस आहे, मिळतील त्यातले तीस टक्के माझे. मी डबे पुरवते, आधी चव मग पैसे हा माझा धंदा, पण हा सौदा काही गळी उतरेना. पुढे मॅडमकडून कळलं की निकालातला हिस्सा फी म्हणून ठरवायला बार कौन्सिलच्या नियमात मनाई आहे. त्यांनी स्वतः 18,000 रुपये सांगितले, तीन हप्त्यांत, प्रत्येक हप्त्याची पावती. टायपिंग आणि झेरॉक्स वेगळं. हे वेगळं प्रकरण मात्र चांगलंच वाढतं, ते आधी विचारून घ्या.

फी सांगायच्या आधी त्यांनी एक गोष्ट सांगितली, तिथेच माझं मत बनलं. म्हणाल्या, तुम्हाला फुकट वकील मिळू शकतो. विधी सेवा प्राधिकरणाच्या 1987 च्या कायद्यात कलम 12 आहे. त्यात स्त्रिया आहेत, औद्योगिक कामगार आहेत, आणि त्यांचं उत्पन्न बघत नाहीत. 15100 वर फोन करा किंवा जिल्हा न्यायालयातल्या कार्यालयात जा. गिऱ्हाईक दारात आलेलं असताना समोरचं फुकटचं दुकान दाखवणारं माणूस मी तरी पहिल्यांदा बघितलं. आम्ही त्यांच्याकडेच थांबलो, कारण धंद्यातून होणाऱ्या आजारांचे दावे त्यांनी चालवलेले होते. तो वाचलेला पैसा कुणाला महत्त्वाचा असेल तर त्याने खुशाल तिकडे जावं.

त्यांचा पहिला प्रश्न आजाराचा नव्हताच. "दादा, पगारातून ईएसआय कापतात का?" ईएसआय म्हणजे कामगारांचा सरकारी विमा. तो कापत असतील तर सगळी वाट वेगळी. मग भरपाई ईएसआयकडूनच घ्यायची, मालकावर भरपाईचा दावा लावता येत नाही. आमच्याकडे माणसंच दहापेक्षा कमी, त्यामुळे ईएसआय नव्हतं. म्हणून दावा 1923 च्या कर्मचारी नुकसानभरपाई कायद्याखाली, कामगार न्यायालयात. त्या कायद्याच्या तिसऱ्या अनुसूचीत क्रोमियमने होणारे आजार लिहिलेलेच आहेत. त्या मालकाकडे सलग सहा महिने तसल्या कामावर होता एवढं दाखवलं की आजार कामामुळेच झाला असं धरून चालतात. नाही म्हणायचं तर ते मालकाने सिद्ध करायचं. (नोव्हेंबर 2025 पासून सामाजिक सुरक्षा संहिता लागू झालीय. आज जाणाऱ्याने कलमं नव्याने विचारावीत. आमचं जुन्यातलं.)

सहा महिने दाखवायचे कसे? नेमणूकपत्र नाही, पगार रोख. मालकाचं उत्तर आलं की हा माणूस कॉन्ट्रॅक्टरचा, आमचा नव्हेच. मॅडम त्यावर हसल्या. कॉन्ट्रॅक्टरचा असला तरी भरपाई मूळ मालकाला द्यावी लागते, नंतर त्याने कॉन्ट्रॅक्टरकडून वसूल करावी. पण हजर होता याचा कागद हवाच. बोलता बोलता मी म्हटलं, त्या वर्कशॉपचे डबे माझेच जातात. मॅडमनी पेन खाली ठेवलं. "हिशोबाची वही आहे?" आहे की! रोजची तारीख, कुणाकुणाचा डबा, आणि महिन्याचं बिल चुकतं करताना सुपरवायझरची सही. हे नाईट शिफ्टला असले की चपात्या दोन जास्त, तेही लिहिलेलं. ती वही आज कोर्टाच्या फायलीत पुरावा म्हणून आहे आणि मी नवी घातलीय.

दुसरं काम त्यांनी डॉक्टरांकडे लावलं. केसपेपरवर नुसतं "नाकातून रक्त" नको, तर कुठलं काम, कुठलं रसायन, किती वर्षं, हे डॉक्टरांना सांगायचं आणि लिहून घ्यायचं. तेव्हाच्या कारखाने कायद्याच्या यादीतही क्रोमचे व्रण होते, असा रोगी आला तर डॉक्टरने मुख्य कारखाना निरीक्षकांना कळवायचं असायचं. आमच्या डॉक्टरांना ते मॅडमच्या चिठ्ठीतून समजलं. आणि मालकाला लेखी नोटीस ताबडतोब, पोचपावतीसकट. हे त्या वेळी रजेवर नव्हते, रडतखडत कामावर जात होते. अशा वेळी दाव्याची दोन वर्षांची मुदत नोटिशीच्या तारखेपासून मोजतात.

पैशाचं गणित त्यांनी आमच्यासमोर कागदावर मांडलं. महिन्याचा पगार कितीही असो, 15,000 च्या वर धरत नाहीत. त्याचे 60 टक्के म्हणजे 9,000. वय 40, त्या वयासाठी कायद्यात दिलेला आकडा 184.17. गुणाकार 16,57,530. पण हे माणूस पूर्ण निकामी झाला तर. कमाईची ताकद किती टक्के गेली ते डॉक्टरने ठरवायचं. 20 टक्के ठरली तर 3,31,506. शिवाय औषधपाण्याचा झालेला खर्च, वेळेत दिलं नाही म्हणून 12 टक्के व्याज, आणि कारण नसताना टाळलं असेल तर 50 टक्क्यांपर्यंत दंड. ते तीस टक्केवाले वकील काय स्वप्न दाखवत होते हे तेव्हा लक्षात आलं. मिस्टर जरा उतरलेच. मला मात्र बरं वाटलं, समोर खरा आकडा होता.

मध्येच मालकाकडून माणूस घरी आला. पाकीट आणि स्टँपपेपर, 'यापुढे माझी काही तक्रार नाही' अशा मजकुराचा. मी फोटो काढून मॅडमना पाठवला. एरवी दोन-दोन दिवस उत्तर न देणाऱ्या बाईंचं पाच मिनिटांत आलं. सही करू नका, आणि केली तरी असा हक्क सोडून देणारा करार या कायद्यात रद्दच. तडजोड करायची तर कोर्टात नोंदवून.

आता वाईट. फोन उचलत नाहीत. रात्री अकराला व्हॉइस मेसेज येतो, तोही चालता चालता बोललेला, अर्धा हॉर्नच्या आवाजात. ज्युनियर बदलत राहतात आणि प्रत्येकाला नाकाची कहाणी पहिल्यापासून सांगावी लागते. एका तारखेला आलेल्या पोराने तर "ॲसिड अंगावर कधी सांडलं?" विचारलं. दावा इंग्रजीत. ज्यावर ह्यांनी सह्या केल्या तो मजकूर मराठीत द्या म्हणून मी मागे लागले, तेव्हा तोंडी वाचून दाखवला. लेखी अजून दिलेला नाही. ऑफिस तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, आणि दम लागणारा माणूस घेऊन जायचं म्हणजे प्रत्येक वळणावर थांबा. पहिल्या भेटीनंतर ह्यांना न नेता मी एकटी गेले तरी चालायचं, हे त्यांनी आधी सांगायला हवं होतं.

निकाल लागलेला नाही. तारखा पडतात, समोरचा वेळ मागतो. सध्या टक्केवारी ठरवणाऱ्या डॉक्टरांच्या साक्षीवर गाडी अडलीय. मिस्टरांना डॉक्टरांनी प्लेटिंग बंद सांगितलंय, ते आता माझे डबे पोचवतात. फोडणीचा वास येत नाही म्हणतात.

मी पाचपैकी चार देते. भेटायला जाणाऱ्यांनी संध्याकाळी सहानंतर जावं, दुपारी त्या कोर्टात असतात. केसपेपर, एक्स-रे, पगाराचं काहीही, व्हॉट्सॲपवरचे शिफ्टचे मेसेज, सगळ्याचे दोन-दोन झेरॉक्स खालूनच काढून न्या. वर त्यांच्याकडून काढलं तर पानाला पाच रुपये लावतात.