52 सीसी टू स्ट्रोक गवत कापायची मशीन, खानापूरच्या पावसाळ्यासकट सगळा सीझन वापरल्यानंतरचा अनुभव

आमचं रान खानापूर तालुक्यात, जांबोटीच्या बाजूला. खाली भात, थोडा ऊस, वर माळाला काजू. गेल्या मिरगाच्या आधी टू स्ट्रोक ब्रश कटर घेतली, आणि तेव्हापासून पावसाळ्यातले बांध, सुगीच्या आधीची सफाई, नंतर काजूच्या बुडातली रानमोडी, सगळं तिच्यावरच काढलंय. घ्यायच्या आधी मी बरंच शोधलं होतं, पण मराठीत मिळालं ते सगळं मशीन नवी असतानाचं, डबा उघडला, दोरी ओढली, गवत कापलं, छान आहे, एवढंच. सहा-आठ महिन्यांनी ती कशी चालते, काय बदलावं लागतं, पावसात ठेवायची कशी हे कुणी सांगत नाही, म्हणून लांबड लावून लिहितोय.

माझं मत आधीच सांगतो. ही मशीन चांगली आहे, दिलेले पैसे वसूल झाले. पण तिची सर्व्हिसिंग म्हणजे मुख्यतः पेट्रोल आणि ऑइल सांभाळणं, पाना-पकड त्यानंतर. आमच्या भागात ज्या ज्या मशीन बंद पडून गोठ्याच्या कोपऱ्यात उभ्या आहेत त्यातल्या मी बघितल्या त्या बहुतेक पेट्रोलामुळं गेल्यात, इंजिन वाईट म्हणून नव्हे.

कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण या किमतीत स्टिकर वेगळे असले तरी आतलं इंजिन बहुतेक एकाच जातीचं असतंय. इंजिनावर किंवा पुस्तकात 1ई44एफ असं काहीतरी लिहिलेलं सापडेल, त्यातलं 44 म्हणजे सिलिंडरचा बोअर (आतला व्यास) 44 एमएम, स्ट्रोक (पिस्टनची वर-खाली चाल) 34 एमएम, हिशोब केला तर 51.7 सीसी येतंय, त्यालाच 52 म्हणून विकतात. 43 सीसीवालं 1ई40एफ असतंय, बोअर 40. हे एवढं माहीत असलं की पार्ट मागताना कंपनीच्या नावावर अडून बसायला लागत नाही, खानापुरात नाही मिळालं तर बेळगावात मिळतंय, तिथं नाही तर ऑनलाइन, दुसऱ्या कंपनीच्या नावानं का असेना बसतंय. तरी कार्बोरेटर आणि क्लच घेताना जुना हातात घेऊनच जावा, भोकांचं अंतर कधीकधी वेगळं येतंय.

फोर स्ट्रोक का नाही घेतली असं भावोजींनी विचारलं होतं. होंडाचं जीएक्स35 मी चालवून बघितलंय, 35.8 सीसीचं, कसंही तिरकं धरा चालतंय, पेट्रोल कमी खातंय, आवाज पण कमी, खरंच सुंदर इंजिन आहे. पण किंमत बघता मला दोन्ही बाजूचा हिशोब बसला नाही आणि काजूच्या बुडातली बोटाएवढी जाड खोडं कापायला मला ताकद पाहिजे होती. टू स्ट्रोकला व्हॉल्व्ह नाहीत, ऑइलची टाकी नाही, पिस्टनच्या प्रत्येक फेऱ्याला स्फोट, त्यामुळं वजनाच्या मानानं जोर जास्त. आणि उघडून बघितलं तर आत कळण्यासारखं आहे, एक पिस्टन, दोन रिंगा, क्रँक, संपलं. बदल्यात एक गोष्ट ती मागते, तिला वेगळं ऑइल मिळत नाही, जे काय वंगण आत जातं ते पेट्रोलातूनच. पेट्रोल चुकलं की वंगण चुकलं.

तर मिक्सिंग. माझ्या मशीनच्या पुस्तकात सुरुवातीच्या टाक्यांना 25:1 आणि नंतर 40:1 लिहिलंय, म्हणजे लिटरला आधी 40 मिली, मग 25 मिली. तुमच्या पुस्तकात वेगळं असेल तर तेच धरा. आमच्यात सगळे बाटलीच्या टोपणानं टाकतात, अंदाजे. कशाला अंदाज, मेडिकलमधनं सुई नसलेली मोठी सिरिंज घ्या, काही रुपयांत काम होतंय, मिलीवर ऑइल मोजता येतंय. दुकानात मला सांगितलं होतं की दोन टोपणं जास्त टाका, इंजिन टिकतंय. हे खरं नव्हे. ऑइल जास्त झालं की धूर वाढतो, प्लग काळा ओला होतो, सायलेन्सरच्या तोंडाशी कार्बन साठतो, आणि जेवढं ऑइल जास्त तेवढं पेट्रोल कमी जातं म्हणून उलट इंजिन गरम होतं. कमी ऑइलचं तर सांगायलाच नको. गावात एकानं घाईत नुसतं पेट्रोल ओतून चालवली, बांधाचं टोक गाठायच्या आत जाम. उघडल्यावर पिस्टनला सायलेन्सरच्या बाजूनं उभे ओरखडे, रिंग खाचेतच चिकटलेली. सिलिंडर-पिस्टनचं किट घालून ती परत चालू झाली, पण तेवढे पैसे आणि ऐन सीझनचे दिवस गेले.

ऑइल कुठलं, तर बाटलीवर जासो एफडी लिहिलेलं 2टी (टू स्ट्रोकचं) ऑइल बघा, एअर कूल्ड इंजिनाला ते चांगलं, कार्बन कमी करतंय. एफसी पण चालतं. गोवा आम्हाला जवळ, तिकडून काहीजण बोटीच्या इंजिनाचं ऑइल स्वस्तात आणतात, त्यावर टीसी-डब्ल्यू3 असतंय, ते पाण्यानं थंड होणाऱ्या इंजिनासाठी आहे, ह्यात घालू नका. आणि ट्रॅक्टरचं किंवा बाईकचं 4टी तर मुळीच नको.

आता सगळ्यात महत्त्वाचं, ह्याच्यावर कुणी बोलत नाही म्हणून जरा सविस्तर. पंपावरचं पेट्रोल आता ई20, म्हणजे वीस टक्के इथेनॉल. 6 फेब्रुवारी 2023 ला बेंगळुरूतच त्याची सुरुवात झाली आणि नंतर सगळीकडं तेच आलं. त्यातलं काही इथेनॉल आपल्याच जिल्ह्यातल्या ऊसाचं, शेतकऱ्याला त्याचे पैसे मिळतात, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण इथेनॉल हवेतलं पाणी ओढून घेतं. आणि आमच्याकडची हवा कशी, कणकुंबीला मलप्रभा उगम पावते त्या डोंगराचा पाऊस आमच्या अंगावर, जुलैत भिंतीला घाम येतोय, मिठाचा डबा पाझरतोय. अशा हवेत अर्धी भरलेली टाकी महिनाभर ठेवली, त्यात पावसाचं पाणी गेलं की पाणी आणि इथेनॉल एकत्र होऊन खाली बसतं आणि पेट्रोल वर राहतं. ऑइल कुठं राहतं? वर, पेट्रोलासोबत. आणि टाकीतला फिल्टर कुठं असतो? तळाला. म्हणजे तुम्ही 40:1 बरोबर मोजून टाकलं तरी इंजिनला पहिल्यांदा जातंय ते बिनऑइलचं पाणी-इथेनॉल. चालू झाली नाही तर नशीब चांगलं, कारण तशीच खेचत चालू केली तर पिस्टनचं नुकसान ठरलेलं.

माझी पद्धत साधी आहे. आज जेवढं काम तेवढंच मिक्स करायचं, ही मशीन फुल रेसवर तासाला लिटरच्या आसपास खाते, त्यावरनं अंदाज येतो. उरलं तर दोन-चार दिवसांत वापरायचं, नाहीतर घरच्या फोर स्ट्रोक बाईकच्या भरलेल्या टाकीत थोडं थोडं ओतून संपवायचं, जुन्या मिक्सवर मशीन चालवायची नाही. डबा घट्ट झाकणाचा, बिसलेरीची बाटली नको. शंका आली तर काचेच्या बाटलीत ओतून उजेडात धरायचं, खाली वेगळा थर किंवा गढूळपणा दिसला की टाकून द्यायचं.

महिनाभर मशीन लागणार नसेल तर टाकी रिकामी करायची, मग पेट्रोल ओढायचा तो रबरी फुगा दाबून चालू करून आपोआप बंद पडेपर्यंत चालवायची, म्हणजे कार्बोरेटर कोरडा. प्लग काढून भोकातनं चमचाभर 2टी ऑइल, दोरी हळू दोन-तीनदा ओढायची म्हणजे ते भिंतीला पसरतं, मग पिस्टन वर आणून ठेवायचा, सायलेन्सरचं तोंड झाकलं जातं, दमट हवा आत जात नाही. प्लग परत लावून टाकायचा. बर्फाच्या देशात टू स्ट्रोक स्नोमोबाईल उन्हाळाभर ठेवताना तिकडचे लोक पण आत ऑइल मारून ठेवतात, त्यांचा बंद सीझन उन्हाळा आणि आपला वेगळा, एवढाच फरक.

भावोजींची मशीन निपाणीला आहे, तंबाखूच्या रानाच्या बांधांसाठी घेतलेली. दिवाळीला टाकी भरून ठेवली ती होळीला काढली. दोरी ओढून ओढून खांदा गेला, सगळे म्हणाले कॉईल गेली. कॉईलला काही झालं नव्हतं, प्लग सिलिंडरला टेकवून दोरी ओढली तर ठिणगी निळी पडत होती. (हे बघताना प्लग त्याच्या भोकापासून लांब टेकवा आणि सांडलेलं पेट्रोल आधी पुसा.) कार्बोरेटरची चार स्क्रूची बाजू उघडली तर आतला पातळ पडदा, ज्याला डायफ्राम म्हणतात, वाळलेल्या पापडासारखा कडक. ह्या मशीनला बाईकसारखा फ्लोट नसतो, हाच पडदा हलून पेट्रोल सोडतो, कडक झाला की पेट्रोल येत नाही. पडद्याचं किट स्वस्त मिळतं, बदलायला अर्धा तास, फक्त गॅस्केट आणि पडदा कुठला आधी होता त्याचा मोबाईलवर फोटो काढून ठेवा. लगेच चालू झाली. टाकीतल्या रबरी नळ्या पण तेव्हाच बघा, इथेनॉलनं कडक होऊन चिरतात, आणि चिरलेल्या नळीतनं हवा आली की इंजिन उपाशी चालतं, रेस आपोआप वाढल्यासारखी वाटते.

प्लगबद्दल थोडक्यात. माझ्यात एल7टी आला होता, त्याच्या जागी एनजीकेचा बीपीएमआर7ए घातला, दोरी कमी ओढायला लागते असं मला तरी वाटतंय. गॅप 0.6 ते 0.7 एमएम. रंग कॉफीसारखा असला की सगळं ठीक, पांढरा पडला तर पेट्रोल कमी किंवा हवा जास्त, लगेच थांबा आणि नळ्या, फिल्टर बघा. काळा ओला म्हणजे ऑइल जास्त, नाहीतर एअर फिल्टर तुंबलेला. एअर फिल्टरचा स्पंज मी काम झालं की साबणाच्या पाण्यात धुतो, पूर्ण वाळवतो, दोन थेंब ऑइल चोळून पिळतो. सुगीत धूळ फार, तेव्हा रोज. सिलिंडरच्या पंखांत ओलं गवत चिकटून वाळतं, ते ब्रशनं काढायचं, कारण थंड व्हायला हवेशिवाय दुसरं काही नाही. आणि फुल रेसवरनं एकदम बंद करू नका, अर्धा-एक मिनिट आयडलवर राहू द्या.

सायलेन्सर मी सीझन संपल्यावर काढला. जाळीवर कार्बन होता, फार नव्हता. पिस्टन वर आणून तोंड झाकायचं, मग लाकडी काडीनं खरवडायचं, स्क्रू ड्रायव्हर घालू नका, पिस्टनला ओरखडा जातो. जोर कमी झाला, रेस चढत नाही अशी तक्रार असली तर कार्बोरेटरचे स्क्रू पिळायच्या आधी हे बघा.

खालच्या गिअर हेडला बाजूला एक बोल्ट आहे, तिथनं लिथियम ग्रीस भरायचं, साधारण पंचवीस तासांनी. आमच्यात हे कुणीच करत नाही, आणि मग म्हणतात पातं गरम होतंय, आवाज येतोय. ठासून भरू नका, थोडी जागा राहू द्या. पात्याचा नट उलट्या आट्याचा आहे, घड्याळाच्या दिशेनं फिरवला की सुटतो. नवीन माणूस जोर लावून उलट आवळतच बसतो.

कामाचं सांगायचं तर बांध आणि काजूच्या बुडात मशीन एक नंबर. दिवसभर गडी मिळत नाहीत अशा दिवसांत एकटा माणूस बांध मोकळे करतोय. रानमोडी, घाणेरीला 80 दातांचं पातं, बांधाच्या मऊ गवताला नायलॉन दोरी. दोरी रात्रभर पाण्यात ठेवून वापरा, उन्हानं वाळलेली लवकर तुटते. भात कापायला मात्र मला पटली नाही, पट्टी लावून बघितलं, लोंब्या हलतात, दाणा गळतो, आणि आमच्या बासमतीचा दाणा असा सांडलेला बघवत नाही. तिथं विळाच बरा. हाताला मुंग्या येतात हे खरं, तासाभरानं थांबायलाच पाहिजे. कानात बोळे, डोळ्याला गॉगल, गमबूट ह्याच्याशिवाय चालू करू नका, खडा उडून वीस-पंचवीस फुटांवरच्या माणसाला लागतो, पोरं जवळ येऊ देऊ नका, पुस्तकात 15 मीटर लिहिलंय ते उगाच नव्हे. पावसात बांधावर साप असतात, आधी काठीनं हलवून मग मशीन घाला.

घ्यायची असेल तर आधी आपल्या होबळीच्या (कर्नाटकात तालुक्याखालचा गावांचा गट) रयत संपर्क केंद्रात, म्हणजे शेती खात्याच्या ऑफिसात, जाऊन सबसिडीचं विचारून या, उताऱ्याची आणि आधारची झेरॉक्स सोबत ठेवा. आणि मशीनसोबत पहिल्याच दिवशी हे घेऊन ठेवा: दोन प्लग, एक कार्बोरेटर किट, टाकीतला फिल्टर आणि नळ्या, दोरी ओढायच्या स्टार्टरची एक जास्तीची दोरी. सगळं मिळून एका टाकीच्या पेट्रोलाच्या दहा-बारा पट पण होत नाही, आणि जुलैत पाऊस लागला की खानापूरला पार्ट आणायला जाण्यात एक दिवस मोडतो. कुणाला कार्बोरेटर उघडल्यावर पडद्याचा क्रम लक्षात येत नसेल तर विचारा, माझ्याकडं फोटो आहेत, टाकतो.