नाव आमचं, चावी त्याच्याकडे

लालबागच्या मिरची गल्लीतून मिरच्या आणायच्या, डंकावर मसाला कुटून घ्यायचा आणि ओळखीपाळखीत विकायचा, हा माझा आणि जाऊबाईंचा दहा वर्षांचा उद्योग. गेल्या एप्रिलमध्ये, ऐन मसाल्याच्या सीझनला, एक मुलगा घरी आला. "काकू, वेबसाइट करा, पार ठाणे-डोंबिवलीहून ऑर्डरी येतील." बोलायला गोड, चहाचा कप स्वतः विसळून ठेवणारा. २२,००० सांगितले, १८,०००वर तुटलं.

त्यात दोन रकमा वेगळ्या होत्या. 'एसएसएल सिक्युरिटी' ४,५०० आणि 'मराठी फॉन्ट चार्जेस' ३,०००. मी विचारलंसुद्धा, की मराठीचे वेगळे पैसे कशाला? "काकू, कॉम्प्युटर मुळात इंग्लिश ना." पटलं मला! बिल दिलं नाही, पैसे यूपीआयने घेतले आणि तेही भलत्याच नावाच्या खात्यावर. तेव्हाच खटकायला हवं होतं.

पान दिसायला झकास. फक्त तळाशी 'लोरेम इप्सम' असं काहीतरी अगम्य राहिलं होतं. मला वाटलं, कायदेशीर मजकूर असेल.

यंदा मार्चमध्ये रिन्यूअलचे १४,००० मागितले. नाही म्हटलं, तर दुसऱ्या दिवशी वेबसाइट बंद. तेव्हा कुठे भाच्याला बोलावलं.

त्याने आधी विचारलं, "मावशी, डोमेन कुणाच्या ई-मेलवर घेतलंय?" डोमेन म्हणजे आपल्या वेबसाइटचं नाव. वर्षाला हजाराच्या आतबाहेर मिळतं. आमचं त्या मुलाने स्वतःच्या खात्यावर घेतलेलं. डोमेन विकणाऱ्या कंपनीला फोन केला तर तिथली मुलगी शांतपणे म्हणाली, "खातं ज्यांचं, डोमेन त्यांचं. त्यांनी ऑथ कोड दिला तरच तुमच्याकडे वळवता येईल." ऑथ कोड म्हणजे डोमेन दुसऱ्याकडे वळवायचा परवानगीचा कोड. तो मुलगा कशाला देतोय! ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ला, लावला. त्यांनी पहिल्यांदा बिल मागितलं.

मग भाच्याने बाकीचा हिशेब उलगडला. एसएसएल म्हणजे पत्त्याच्या सुरुवातीला 'एचटीटीपीएस' दिसतं ना, ते. २०१८पासून क्रोम त्याशिवायच्या साइटवर 'नॉट सिक्युअर' असा शिक्का मारतं, म्हणून ते लागतंच. पण लेट्स एन्क्रिप्ट नावाची संस्था हे सर्टिफिकेट फुकट देते. आणि लोरेम इप्सम हा तयार टेम्प्लेटमध्ये, म्हणजे पानाच्या साच्यात, जागा भरायला टाकतात तो मोडकातोडका लॅटिन मजकूर. म्हणजे त्या मुलाने फुकटच्या टेम्प्लेटमध्ये आमचं नाव घातलं होतं आणि पुसायचं तेही पुरतं पुसलं नव्हतं.

मराठी फॉन्टचं मात्र मला डोळ्यांनी बघायचं होतं. भाच्याने नोटपॅड उघडलं, मला 'गोडा मसाला' टाइप करायला लावलं, फाइलला इंडेक्स डॉट एचटीएमएल नाव दिलं आणि ब्राउझरमध्ये उघडली. पडद्यावर नुसती किडामुंगी. मग त्याने वरती एक ओळ घातली, मेटा चारसेट यूटीएफ-८. म्हणजे अक्षरं कुठल्या पद्धतीने वाचायची, ते ब्राउझरला सांगणारी ओळ. फाइल सेव्ह करून पान रिफ्रेश केलं. 'गोडा मसाला', काना-मात्रेसकट, लख्ख. ती एक ओळ. तीन हजार रुपये! बरं, पैसे घेऊनही त्या मुलाने तेवढी ओळ घातली नव्हतीच. मराठी मजकुराचे फोटो काढून चिकटवले होते, त्यामुळे ती अक्षरं गूगलला वाचताच येत नव्हती. डोंबिवलीहून ऑर्डर यायची कुठून?

आता नवं नाव माझ्या ई-मेलवर घेतलंय, पासवर्ड डायरीत आहे. पान साधंच आहे, गिटहब नावाच्या साइटवर फुकट ठेवलंय. भाव बदलला की मीच आत शिरून आकडा बदलते. एकदा ठळक अक्षरांचा टॅग, म्हणजे पानातली खूण, बंद करायचा राहिला, तर अख्खं पान ठळक अक्षरात गेलं. जाऊबाईंना तेच जास्त आवडलं होतं.

जुना पत्ता छापलेल्या ५०० पिशव्या मात्र घरात पडून आहेत. रोज संध्याकाळी दोघी बसून त्यांवर नव्या पत्त्याचं स्टिकर चिकटवतो. कालपर्यंत ३१० झाल्या.