पैसे भरून एव्हरेस्ट: मे १९९६ च्या वादळातून एका सेवेचे परीक्षण

मार्गदर्शकाबरोबर एव्हरेस्टवर जाणे ही गेली तीन दशके पैसे भरून घेता येणारी सेवा आहे, आणि तिची किंमत पाहता तिचे जेवढे परखड परीक्षण व्हायला हवे तेवढे ते आपल्याकडे होत नाही. सह्याद्रीत वर्षानुवर्षे डोंगर चढलेले आणि उत्तरकाशीच्या नेहरू गिर्यारोहण संस्थेतून बेसिक व ॲडव्हान्स कोर्स केलेले लोक आता काठमांडूच्या कंपन्यांची दरपत्रके मागवू लागले आहेत. त्यांत तंबू, आचारी, शेर्पांची संख्या, ऑक्सिजनच्या बाटल्या, बेस कॅम्पवरचे इंटरनेट असे सगळे रकाने भरलेले असतात, आणि हवा चांगली राहिली तर यातले बहुतेक मिळतेही. हवा बिघडल्यावर या पैशांत नेमके काय मिळते, हे मात्र दरपत्रकातून कळत नाही. ते पाहायचे तर १० आणि ११ मे १९९६ या दोन दिवसांकडे जावे लागते, कारण त्या वादळात अशा दोन कंपन्यांचे काम जवळजवळ तासातासाच्या तपशिलासह जगापुढे आले.

न्यूझीलंडच्या रॉब हॉल यांची ॲडव्हेंचर कन्सल्टंट्स आणि अमेरिकेच्या स्कॉट फिशर यांची माउंटन मॅडनेस अशा त्या दोन कंपन्या. हॉल यांचा दर माणशी सुमारे ६५,००० डॉलर होता आणि त्यात विमानभाडे व वैयक्तिक साहित्य धरलेले नव्हते. नेपाळ सरकार त्या काळी सात जणांच्या परवान्याला ७०,००० डॉलर घेत असे. १९९० ते १९९५ या काळात हॉल यांनी ३९ गिर्यारोहकांना माथ्यावर पोहोचवले होते. त्यामुळे या दराला नुसत्या जाहिरातीचा नव्हे, तर कामाचा आधार होता. साहित्य उत्तम होते, छावण्या वेळेवर उभ्या राहिल्या होत्या, हवेला सरावण्यासाठीच्या चढ-उतारांचे वेळापत्रक नीट आखलेले होते. बेस कॅम्पवर डॉक्टर होत्या. इथवरच्या सेवेत खोट काढावी असे फारसे काही नाही.

खरा हिशोब सुरू होतो तो साउथ कोलवर, म्हणजे सुमारे ७,९०० मीटरवरच्या शेवटच्या छावणीत. हॉल यांच्या प्रत्येक ग्राहकाला शिखराच्या दिवसासाठी ऑक्सिजनच्या तीन बाटल्या होत्या. दोन पाठीवर आणि तिसरी साउथ समिटपाशी, म्हणजे माथ्याच्या थोडे अलीकडच्या दुय्यम शिखरापाशी, उतरताना घ्यायची. मिनिटाला दोन लिटर या प्रवाहाने एक बाटली पाच ते सहा तास पुरते. चढाई मध्यरात्रीच्या थोडी आधी सुरू झाली. म्हणजे तिन्ही बाटल्या धरून दुपारी चार-पाचच्या सुमारास ऑक्सिजन संपणार, हे निघण्यापूर्वीच बोटांवर मोजता येत होते. दुपारी एक, फार तर दोन वाजता जिथे असाल तिथून मागे फिरायचे, हा नियम या साध्या गणितातून आलेला होता. माझ्या मते ६५,००० डॉलरमधली सर्वांत मोलाची गोष्ट हा नियम होती. आठ हजार मीटरच्या वर मेंदूला इतका कमी प्राणवायू मिळतो की माणसाला स्वतःची अवस्था स्वतः ओळखता येत नाही, म्हणून ‘आता पुरे’ हे सांगणारा दुसरा कोणी बरोबर असावा यासाठीच तर मार्गदर्शकाला पैसे द्यायचे.

आणि नेमकी तीच गोष्ट त्या दिवशी ग्राहकांच्या हाती पडली नाही. वरच्या टप्प्यांवर दोर आधी बांधून ठेवायचे ठरले होते, ते बांधलेले नव्हते. तीस-बत्तीस माणसे एकाच अरुंद धारेवर, एकाच दोरासाठी खोळंबली आणि माथ्याच्या अलीकडच्या हिलरी स्टेप या उभ्या, खडकाळ टप्प्याखाली तर रांगच लागली. दोन वाजून गेले तरी बरेच जण वरच जात होते. फिशर स्वतः पावणेचारच्या सुमारास माथ्यावर पोहोचले. हॉल यांचे ग्राहक डग हॅन्सन चार वाजून गेल्यावर पोहोचले, आणि हॉल त्यांची वाट पाहत माथ्यावरच थांबले होते.

हॅन्सन हे टपाल खात्यात काम करणारे गृहस्थ होते. आदल्या वर्षी, १९९५ मध्ये, याच हॉल यांनी त्यांना साउथ समिटवरून, माथा जेमतेम शंभर मीटर उरला असताना, दुपारी अडीचच्या सुमारास मागे फिरवले होते. तो निर्णय चोख होता. त्यानंतर हॉल यांनी वारंवार फोन करून, शुल्कात सूट देऊन त्यांना पुन्हा बोलावले. एरवी जुन्या ग्राहकाला सवलत देणाऱ्या कंपनीचे आपण कौतुकच करतो. इथे मात्र त्या सवलतीने नकार देणाऱ्याचीच जीभ जड केली असावी, असे मला वाटते. एकाच माणसाला त्याच जागेवरून दोनदा परत पाठवणे कोणत्याही मार्गदर्शकाला अवघडच गेले असते. शिवाय त्या चमूत एका अमेरिकी मासिकाचा पत्रकार होता आणि शेजारी प्रतिस्पर्धी कंपनीचे ग्राहक चढत होते, हेही विसरून चालणार नाही.

हॉल यांचेच चार ग्राहक त्या दिवशी स्वतःहून मागे वळले; एक जण आधीच, आणि बाकीचे तिघे सकाळी साडेअकराच्या सुमारास, रांग पाहून आणि घड्याळाशी ताळा जमवून. हे चौघेही जिवंत परतले. त्यांच्याविषयी फारसे लिहिले जात नाही. शिखर न गाठलेल्या ग्राहकाचे छायाचित्र कोणती कंपनी माहितीपत्रकात छापणार?

वादळ अचानक कोसळले असे सरसकट सांगितले जाते, ते पूर्ण खरे नाही. दुपारी खालच्या दऱ्यांमध्ये मऊ, निरुपद्रवी दिसणारे ढग भरत होते. विमान चालवण्याचा अनुभव असलेल्या एका ग्राहकाने ते वरून पाहून ओळखले की ही गडगडाटी ढगांची डोकी आहेत. संध्याकाळपर्यंत ते साउथ कोलवर चढून आले, वारा ताशी शंभर किलोमीटरच्या पुढे गेला आणि हाताचा पंजा डोळ्यांपुढे धरला तरी दिसेना. दोन्ही कंपन्यांचे मिळून अकरा जण कोलपर्यंत उतरले, पण काही शे मीटरवरचे तंबू त्यांना सापडेनात. भरकटत ते पूर्वेकडच्या कांगशुंग कड्याच्या जवळ गेले, आणि पुढे पाऊल टाकण्यात धोका आहे हे ध्यानात आल्यावर एकमेकांना बिलगून बर्फावर बसले. मार्गदर्शक नील बीडलमन लोकांवर ओरडत, त्यांच्या पाठीवर गुद्दे मारत त्यांना जागे ठेवत होते, कारण झोप लागली तर माणूस उठणार नव्हता. मध्यरात्रीच्या सुमारास ढग क्षणभर फाटले, तेव्हा चालू शकणारे सहा जण छावणीकडे निघाले आणि पाच जण मागे राहिले. त्यांतला टिम मॅडसन हा चालण्याच्या स्थितीत असूनही इतरांसाठी थांबला होता. तो मार्गदर्शक नव्हता, पैसे भरून आलेला ग्राहक होता.

त्या पाचांतल्या तिघांना छावणीत आणले ते फिशर यांचे मार्गदर्शक अनातोली बुक्रेएव्ह यांनी. रात्रीच्या अंधारात, वादळात, ते एकटे बाहेर पडले. याच बुक्रेएव्ह यांच्यावर नंतर सर्वाधिक टीका झाली, कारण ते मार्गदर्शक असूनही बाटलीतील ऑक्सिजनशिवाय चढले आणि ग्राहकांच्या पुष्कळ आधी खाली उतरले होते. लवकर उतरून विश्रांती घेतल्यामुळेच त्यांच्या अंगात रात्री बाहेर पडण्याचे बळ राहिले, असे त्यांच्या बाजूचे लोक म्हणतात. १९९७ मध्ये अमेरिकन अल्पाइन क्लबने त्यांना शौर्याबद्दल सन्मानित केले आणि त्याच वर्षी नाताळच्या दिवशी अन्नपूर्णेवर हिमस्खलनात ते गेले. परीक्षण म्हणून विचाराल तर मला दोन्ही म्हणणी एकाच वेळी पटतात: ग्राहकाला सोडून पुढे उतरणारा मार्गदर्शक मला नको, आणि तशा रात्री तंबूबाहेर पडणारा मार्गदर्शक मात्र हवा.

उरलेल्या दोघांपैकी यासुको नाम्बा वाचल्या नाहीत. सातही खंडांची सर्वोच्च शिखरे त्यांनी त्याच दिवशी पूर्ण केली होती. दुसरे बेक वेदर्स. त्यांच्या डोळ्यांवर पूर्वी झालेल्या शस्त्रक्रियेमुळे उंचीवर त्यांना दिसेनासे झाले, तेव्हा सकाळीच हॉल यांनी त्यांना सुमारे ८,४०० मीटरवरच्या ‘बाल्कनी’ या जागी बसवून, मी परत येईपर्यंत इथून हलायचे नाही, असे वचन घेतले. वेदर्स दिवसभर ते वचन पाळत थंडीत बसून राहिले. उतरणाऱ्या इतरांनी बरोबर चला म्हटले तरी ते लगेच उठले नाहीत. हॉल आलेच नाहीत. सेवेतला हा दोष मला सर्वांत गंभीर वाटतो, कारण यात कोणाचा हलगर्जीपणा नव्हता; सगळी यंत्रणा एका माणसाच्या परत येण्यावर टांगलेली होती आणि तो माणूस न आल्यास काय करायचे, हे ग्राहकाला कोणी सांगितलेच नव्हते. दुसऱ्या दिवशी मृतवत समजून सोडून दिलेले वेदर्स उठून स्वतःच्या पायांनी छावणीत आले. पुढे त्यांना उजवा हात कोपराखालून, डाव्या हाताची बोटे आणि नाक गमवावे लागले.

हॉल यांनी ती रात्र साउथ समिटजवळ काढली. तिथे ऑक्सिजनच्या भरलेल्या बाटल्या होत्या. संध्याकाळी मार्गदर्शक अँडी हॅरिस त्या रिकाम्या आहेत असे रेडिओवर ठामपणे सांगत राहिले. विरळ हवेत बुद्धी कशी चकते याचे याहून स्पष्ट उदाहरण मला ठाऊक नाही. पहाटे बाटल्या हाती असूनही हॉल यांच्या मास्कचा रेग्युलेटर, म्हणजे ऑक्सिजनचा प्रवाह सोडणारा भाग, बर्फाने गच्च झाला होता आणि तो मोकळा करण्यात कित्येक तास गेले. ११ तारखेला आंग दोर्जे आणि ल्हाक्पा छिरी हे दोन शेर्पा गरम चहाचे थर्मास आणि ऑक्सिजन घेऊन त्याच वाऱ्यात वर निघाले. हॉल जिथे होते त्याच्या सुमारे दोनशे मीटर खालून त्यांना परतावे लागले. हॉल, हॅरिस, हॅन्सन, नाम्बा आणि फिशर असे दोन कंपन्यांचे मिळून पाच जण गेले.

सगळा दोष पैशांवर टाकून मोकळे होण्यापूर्वी त्याच दिवशी तिबेटच्या बाजूने काय घडले तेही पाहायला हवे. तिथे भारत-तिबेट सीमा पोलीस दलाची मोहीम होती. त्यात ग्राहक नव्हते की सवलत नव्हती. वादळ येताना दिसल्यावर सहापैकी तिघे मागे फिरले. त्सेवांग स्मानला, त्सेवांग पाल्जोर आणि दोर्जे मोरूप पुढे गेले, आणि तिघेही परतले नाहीत. म्हणजे माथ्याची ओढ विकत घेतलेली असो वा नोकरीतून आलेली, घड्याळ दोघांनाही सारखेच विसरायला लावते. आपल्याकडे १९९६ म्हटले की परदेशी नावेच आठवतात आणि हे तिघे मागे पडतात, याचे वाईट वाटते.

आजची सेवा तेव्हापेक्षा निश्चितच सुधारलेली आहे. बेस कॅम्पच्या वर लागणाऱ्या खुंबू हिमप्रपातातली, म्हणजे तुटक्या, भेगाळ हिमनदीतली, शिड्या-दोरांची वाट ‘आइसफॉल डॉक्टर’ म्हणून ओळखले जाणारे शेर्पा हंगामाआधी तयार करतात, माथ्यापर्यंतचे दोर एक ठरावीक पथक बांधते, हवामानाचे अंदाज कितीतरी नेमके झाले आहेत आणि ऑक्सिजनही सढळ हाताने दिला जातो. मात्र अंदाज सर्वांनाच मिळत असल्याने चांगल्या हवेचे तेच दोन-तीन दिवस सगळे निवडतात, आणि १९९६ ची रांग आता हिलरी स्टेपच्या जागी दरवर्षी लागते. २०२३ मध्ये नेपाळने ४७८ परवाने दिले. परवाना शुल्क सप्टेंबर २०२५ पासून ११,००० वरून १५,००० डॉलर झाले, तरी तेवढ्याने रांग लहान होईल असे वाटत नाही. पुण्याच्या गिरिप्रेमी संस्थेने मे २०१२ मध्ये आठ जणांना माथ्यावर नेले. शेर्पांचे बळ त्याही मोहिमेमागे होते. पण वर्षानुवर्षे एकत्र चढलेल्या लोकांत ‘तू आज परत फिर’ हे जितक्या सहजपणे म्हणता येते, तितके ते दीड महिन्याच्या ओळखीवर म्हणता येत नाही. ज्यांना तशी संधी आहे त्यांनी कंपनीकडे जाण्याची घाई करू नये, असे मी सुचवीन.

कंपनीच निवडायची असेल, तर स्वस्त दराचा मोह टाळावा आणि तो दर कोणाच्या अंगावरून कापला आहे हे विचारावे. १८ एप्रिल २०१४ रोजी खुंबू हिमप्रपातात १६ नेपाळी कामगार हिमस्खलनात गेले, तेव्हा सरकारने कुटुंबामागे आधी जाहीर केलेली मदत ४०,००० नेपाळी रुपये होती. शेर्पांचा विमा किती रकमेचा आहे, हे सांगायला कंपनी कचरत असेल तर तिथेच थांबावे. परतीची वेळ करारात छापलेली असावी, आणि नेता स्वतः वर अडकल्यास खालून निर्णय कोण घेणार त्याचे नाव असावे.

बचावासाठीच्या हेलिकॉप्टरचा रकानाही बारकाईने वाचावा. १३ मे १९९६ रोजी नेपाळी सैन्याचे मदन खत्री छेत्री यांनी सुमारे सहा हजार मीटरवर, हिमप्रपाताच्या वरच्या अंगाला हेलिकॉप्टर उतरवले आणि एका वेळी एक असे दोन जखमी उचलले. वेदर्स यांनी तैवानच्या मकालू गाउ यांना आधी जाऊ दिले. आज कॅम्प दोनपर्यंत, म्हणजे हिमप्रपाताच्या वरच्या छावणीपर्यंत, हेलिकॉप्टर येते, पण ते हवा स्वच्छ असताना. साउथ कोलवरून तिथपर्यंत जखमीला बहुधा माणसेच उतरवतात. ती माणसे किती असतील, तुमच्याच कंपनीची की आयत्या वेळी इतरांकडून मागून घेतलेली, हे आगाऊ रक्कम भरण्याआधी लेखी विचारून घ्यावे.